सा, तार सा आणि तीव्र मध्यम

श्रोतेहो, नमस्कार. पावसाची सर, ढगांचा गडगडाट, लांबून ऐकू येणारी चर्चची घंटा आणि मग एकाएकी गिटारवर तीन स्वर. ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश बँडची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका अशी सुरू होते. ती बाजारात आली १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात, आणि ही तारीख सहज निवडली गेली असेल असे मला तरी वाटत नाही.

ते तीन स्वर आपल्या भाषेत सा, तार सा आणि तीव्र मध्यम. यमनातला हाच मध्यम आपल्याला किती गोड लागतो! तिथे त्याला पुढे पंचमाकडे आणि मागे गंधाराकडे वाट असते. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी मात्र त्याच्यावरच थांबतो, त्याला थरथरत ठेवतो आणि ऐकणाऱ्याची सुटका होऊ देत नाही. युरोपात या स्वरांतराला पूर्वी ‘संगीतातला सैतान’ म्हणत.

आयोमी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत असे. कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, गैरहजर कामगाराच्या जागी त्याला यंत्रावर बसवले गेले आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. भांडी घासायच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामडे चिकटवले आणि बँजोच्या हलक्या तारा गिटारला लावल्या. थोडे स्वर, पण जाडजूड आणि ठाम, ही त्याची शैली या अडचणीतूनही घडली. (तारा सैल करून खालच्या स्वरात लावण्याचे श्रेय पुष्कळदा याच पहिल्या ध्वनिमुद्रिकेला दिले जाते, पण ती गोष्ट १९७१ सालच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेची आहे.)

लंडनमध्ये ऑक्टोबर १९६९ मध्ये एकाच दिवसात, निर्माता रॉजर बेन यांच्या देखरेखीखाली, बँडचे चौघे जणू रंगमंचावरच असल्यासारखे वाजवून मोकळे झाले. पाऊस आणि घंटा नंतर जोडल्या गेल्या. समीक्षकांनी ध्वनिमुद्रिका झोडपली, तरी ब्रिटनच्या खपाच्या यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत चढली. तिच्यातल्या भुताखेतांची चर्चा फार झाली, पण माझ्या मते तिचे खरे बळ संथ लयीत आहे, आणि बिल वॉर्डच्या ड्रम्समध्ये तर जॅझचा झोका स्पष्ट ऐकू येतो. पुढे ‘डूम मेटल’ नावाची हेवी मेटल संगीताची अख्खी शाखा याच संथपणावर उभी राहिली.

५ जुलै २०२५ रोजी हे चौघे आपल्या बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानात शेवटचे एकत्र आले. ‘मेटालिका’ आणि ‘स्लेयर’ हे बँड त्यांच्याआधी वाजवून गेले होते. गायक ऑझी ऑस्बोर्न सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. चार गाण्यांतले एक, ‘एन. आय. बी.’, याच पहिल्या ध्वनिमुद्रिकेतले होते. सतरा दिवसांनी ऑझी गेला.