छतावरून सायकली जाणारी खोली

ही जी खोली दिसतेय ना, हिच्या छतावरून आत्ता सायकली चालल्यात. खरंच सांगतोय, वर रस्ताच आहे. आपण आहोत नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात, ॲमस्टरडॅमहून ट्रेननं अर्ध्या तासावर, आणि ही गेस्ट रूम आहे आउदेग्राख्त नावाच्या कालव्यालगत, दार उघडलं की विटांचा धक्का आणि चार पावलांवर पाणी.

ॲमस्टरडॅममध्ये कालव्याच्या काठानं सरळ रस्ता जातो आणि त्याला लागून घरं. इथं मात्र काठालाच दोन मजले आहेत, वर दुकानं, सायकली, माणसांची गर्दी, आणि दगडी जिना उतरून खाली आलात की पाण्याच्या बरोबरीनं धक्का, त्याच्यावर झाडं, आणि धक्क्यावर उघडणारी ही कमानीची तळघरं. सातशेच्या वर आहेत अशी, कुठं हॉटेल, कुठं स्टुडिओ, कुठं अशी पाहुण्यांची खोली.

हे झालं कसं, तर ११२२ साली ऱ्हाइनच्या इथं येणाऱ्या फाट्यावर वरच्या अंगाला बांध घातला गेला, आणि त्याच वर्षी उट्रेख्तला शहराचे हक्क मिळाले. पुढं पाणी हळूहळू काबूत आलं, काठ उंच आणि पाणी बरंच खाली. मग व्यापाऱ्यांनी डोकं चालवलं, घराच्या तळघरातून रस्त्याखालून खोदत थेट पाण्यापर्यंत गेले, म्हणजे होडीतलं पिंप रस्त्यावर चढवायलाच नको, धक्क्यावरून गडगडवत सरळ घरात. मला या शहराची सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. राजाच्या हुकमानं नाही, माल वाहायची मेहनत वाचावी म्हणून हे उभं राहिलंय.

आता राहायचं म्हणाल तर, उजेड फक्त कालव्याच्या बाजूनं येतो, खोलीचा मागचा भाग दिवसाही अंधारा. भिंतींना ओल धरते, कारण वरच्या रस्त्यातून पाणी झिरपतं, आणि हे दुखणं इथल्या तळघरमालकांचं कायमचं आहे. सामान जिन्यावरून स्वतःच उतरवायचं. तरी मी म्हणेन खालचीच खोली घ्या, वरून कालवा नुसता दिसतो, खाली राहिलं की तो कळतो.

रस्त्याच्या पोटात अशी पोकळी असल्यामुळं जड गाड्यांवर बंधनं आहेत, म्हणून हॉटेलांना बिअरचा पुरवठा करायला चक्क इलेक्ट्रिक बोट येते, जुन्या होड्यांसारखीच धक्क्याला लागते.

मान वर केली की डोम टॉवर, ११२ मीटर उंच, देशातला सगळ्यात उंच चर्चचा मनोरा. तो चर्चपासून सुटा उभा आहे, कारण १६७४ च्या वादळात मधला भाग कोसळला आणि परत बांधलाच नाही. त्याच्या घंटा खाली धक्क्यावर छान ऐकू येतात.

आणि एक सांगायलाच हवं, याच शहरानं १९७० च्या दशकात आपल्या जुन्या खंदकाचा एक मोठा भाग बुजवून तिथं मोटारींचा हायवे केला होता. नंतर लोकांनी मतदान करून पाणी परत मागितलं, आणि २०२० मध्ये तो खंदक पुन्हा पाण्यानं पूर्ण भरला. इतक्या वर्षांनी रस्ता उखडून पाणी आणायचं, याला हिंमत लागते.

उत्तरेला चालत गेलात तर वेर्डस्लाउस हे जुनं लॉकगेट, म्हणजे बोटींसाठी उघडणारा पाण्यातला दरवाजा, लागतं. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या बाजूला निघतात आणि तेव्हा बोटी कमी म्हणून गेट बंद, मासे अडकून पडतात, मोठ्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात. म्हणून २०२१ पासून पाण्याखाली कॅमेरा लावलाय, जगात कुठूनही कुणीही बघायचं, मासा दिसला की स्क्रीनवरची बेल दाबायची, पुरेसे मासे जमले की गेट उघडतात. मार्चच्या सुमाराला सुरू होतं, पुण्यात बसूनही दाबता येते, जरूर बघा.