काळी-पिवळी फियाट, तैलरंगात

नमस्कार श्रोतेहो. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, तैलरंगात कशी रंगवायची, याबद्दल आज बोलणार आहे. तुमच्यातले जे चित्रं काढतात त्यांना याचा थेट उपयोग होईल. जे काढत नाहीत, त्यांच्यातलेही कितीतरी जण या टॅक्सीत बसलेले असतील.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला. तिथे 1964 पासून फियाटची 1100 डिलाइट बनू लागली आणि 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं, तरी मुंबईकर तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर 2023 संपताना ती रस्त्यावरून उतरली.

आता ती दिसत नाही म्हणून तिचं चित्र काढावंसं वाटतं, आणि तिथेच एक मोह आडवा येतो. जुन्या गाडीचं चित्र म्हटलं की हात आपोआप तपकिरी रंगाकडे जातो. आकाश तपकिरी, इमारती तपकिरी, सगळीकडे धुरकट झाक. मला हे मुळीच पटत नाही. 1980 सालच्या दुपारचं ऊन आजच्याइतकंच लख्ख होतं. टॅक्सीवाल्याच्या लेखी ती गाडी जुनी नव्हतीच. ती त्याच्या रोजीरोटीची गाडी होती, सकाळी फडक्याने पुसून धंद्याला काढलेली. बघणाऱ्याला जे आठवायचं ते आठवेल, आपण कॅनव्हासवर त्या दिवसाचा उजेड नीट उतरवायचा.

जागा म्हणून मी दक्षिण मुंबईतली बॅलार्ड इस्टेट सुचवेन. जॉर्ज विटेट या वास्तुरचनाकाराने आखलेला हा भाग. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. रुंद रस्ते, एका उंचीच्या दगडी इमारती, रविवारी सकाळी रहदारी तुरळक. जुन्या फोटोवरून गाडी घ्या, पण ऊन आणि सावल्या तिथे जाऊन, उभं राहून बघा.

रेखाटनात दोन गोष्टी सांभाळा. चाकं तिरकी दिसतात तेव्हा ती लंबवर्तुळं असतात, आणि त्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष, म्हणजे त्याची अरुंद बाजू, गाडीच्या आसाच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, दिशेत असतो. हे चुकलं की गाडी लंगडी दिसते. दुसरं, टायर रस्त्याला टेकतो तिथली सावली. चित्रातला सर्वांत गडद रंग गाडीच्या पोटाखाली असू द्या, नाहीतर गाडी हवेत तरंगेल.

आता काळा रंग. नवशिका चित्रकार आयव्हरी ब्लॅकची ट्यूब उघडतो आणि दरवाजापासून डिकीपर्यंत सगळं काळं करून टाकतो. तसं करू नका. काळी चकचकीत गाडी समोरचं सगळं आपल्या अंगावर घेते. बॉनेट आणि डिकी आडव्या, वर आकाशाकडे तोंड केलेल्या, म्हणून तिथे काळा रंग चक्क फिकट निळसर राखाडी दिसतो. दरवाजे उभे, त्यामुळे त्यांच्यात समोरची इमारत गडद उतरते आणि खालच्या कडेला तापलेल्या रस्त्याचा उबदार रंग येतो. हा काळा अल्ट्रामरीन ब्लू हा गडद निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग मिसळून बनवा. निळा वाढवला की थंड, अंबर वाढवला की उबदार, एकाच मिश्रणातून पूर्ण गाडी निघते. शिवाय अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे हा थर लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक वाळायला फार वेळ घेतो.

पिवळ्या टपाची गंमत उलटी. पिवळ्याची सावली करायला त्यात काळा घातला की तो शेवाळी हिरवा होतो. सावलीसाठी यलो ऑकर हा मातकट पिवळा आणि थोडा बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग घ्या. टपावर कॅरियर असेल, आणि तो असायलाच हवा, तर त्याच्या दांड्यांच्या सावल्या पिवळ्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडतात. भर उन्हात या पट्ट्यांत किंचित जांभळी झाक दिसते. एवढ्या चार-पाच फटकाऱ्यांनी चित्रात ऊन येतं. माझ्या मते पूर्ण चित्रातली सर्वांत सुंदर जागा हीच.

बंपरच्या क्रोमला चंदेरी रंग लागत नाही. वरच्या अर्ध्यात आकाश, मधे इमारतींची बारीक गडद रेघ, खाली रस्ता. या तीन पट्ट्या कडक कडेने ओढल्या की धातू चमकतो. निव्वळ पांढरा दोन-तीन ठिपक्यांपुरताच.

फियाटचे टप पेलणारे खांब बारीक, काचा मोठ्या. त्यामुळे एका खिडकीतून आत पाहिलं की दुसऱ्या खिडकीतून पलीकडचा फुटपाथ दिसतो, जरा मंद होऊन. तो रंगवा. गाडी आतून पोकळ आहे, तिच्यात माणसं बसतात, हे त्यानेच कळतं. बॉनेटच्या डाव्या बाजूला बाहेर बसवलेला लोखंडी मीटर विसरू नका. प्रवासी बसला की चालक हात घालून तो पाडायचा आणि टकटक सुरू व्हायची. खाकी कपड्यातला चालक मीटरपाशी उभा केलात तर गाडीची उंचीही कळेल. तिचा टप साधारण दीड मीटरवर येतो, म्हणजे उभ्या माणसाच्या खांद्याच्या आसपास.

थरांचा नियम सगळ्या तैलचित्रांचाच. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरचे थर जवसाच्या तेलाचे. उलटं केलं तर वरचा थर आधी सुकतो, खालचा मागाहून हलतो आणि तडे जातात. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत दोन थरांमध्ये जास्त दिवस जाऊ द्या.

शेवटी पांढऱ्याबद्दल. जवसाचं तेल कालांतराने पिवळं पडतं, आणि अंधारात जास्तच. त्यामुळे शेवटचे उजळ ठिपके करडईच्या तेलात घोटलेल्या पांढऱ्याने द्या. करडई म्हणजे आपल्या सोलापूरकडच्या शेतात पिकते तीच, पण तेल चित्रकलेच्या दुकानातलं शुद्ध केलेलं घ्या, स्वयंपाकघरातलं चालणार नाही. चित्र पूर्ण झालं की उजेडाच्या भिंतीवर लावा आणि व्हार्निशची घाई करू नका. सहा महिने तरी जाऊ द्यात. नमस्कार.