बोटीच्या पोटातले २४० सेल

(दृश्य: लातूर जिल्ह्यातलं एक गाव. उन्हाळ्याची दुपार. शेतात बोअरमधून मोटर वर ओढायचं काम चाललंय. तिवई, साखळी, चौघांचे हात.)

आमच्याकडं ‘पाणबुडी’ म्हटलं की आधी हीच आठवते. बोअरमध्ये सोडलेली मोटर. ‘पाणबुडी जळाली’ हे वाक्य मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कानावर येतं, आणि ते ऐकल्यावर घरातल्या कर्त्या माणसाचा चेहरा कसा उतरतो, तेही आम्ही लहानपणापासून बघत आलोय.

दुसऱ्या पाणबुडीची गोष्ट मला माझ्या चुलत्यांकडून कळली. तात्या पंधरा वर्षं नौदलात होते, इलेक्ट्रिकल शाखेत. त्यातली बरीच वर्षं डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्यांवर गेली. तिथली माणसं पाणबुडी म्हणत नाहीत, ‘बोट’ म्हणतात. आपल्या आठही जिल्ह्यांना कुठं समुद्राचा काठ नाही, पण टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या पोराला बोटीतलं एक दुःख जाणवलंच नाही. चहूकडं पाणी आणि अंघोळीला पाणी नाही! गोडं पाणी मोजून मिळायचं. तात्या म्हणतात, “आपल्याला त्याची सवयच होती की.”

(दृश्य: घराचा व्हरांडा. कोपऱ्यात इन्व्हर्टरची बॅटरी. तात्या बुचं उघडून आत बघतायत.)

ही बॅटरी नीट बघा. गावात सगळ्यांनी ती जिन्याखाली नाहीतर खाटेखाली ठेवलीय. आमच्या घरी ती व्हरांड्यात आहे, जाळीच्या खिडकीशेजारी. चुलतीनं ती आत ठेवायचा हट्ट धरला होता, पण तात्यांनी ऐकलं नाही.

या बॅटरीत सहा सेल आहेत, दोन-दोन व्होल्टचे. आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचं आम्ल. आपल्या पाणबुड्यांच्या बॅटरीत याहून वेगळं काही नसतं. फरक आकाराचा. आपल्या सिंधुघोष वर्गातल्या रशियन बोटींमध्ये १२० सेलचे दोन गट असतात, म्हणजे २४० सेल. मुंबईला माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या कलवरी वर्गात ३६० सेल आहेत, एकेक सेल ७५० किलोचा. आपल्या भाषेत सांगायचं तर २७०० क्विंटल. एवढं सोयाबीन आडतीत उतरवायला ट्रकांची रांग लागेल. आणि हे सगळं ओझं ज्या बोटीत भरलंय तिची लांबी जेमतेम ६७ मीटर.

पाण्याखाली डिझेल इंजिन चालत नाही, कारण त्याला हवा लागते. म्हणून खाली गेल्यावर सगळं या सेलांवर. पंखा फिरवायला, चहा करायला, सोनार, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र, ऐकायला, पाणी बाहेर फेकायला, पळायला तेच. सिंधुघोष वर्गाची बोट तीन नॉट वेगानं (ताशी तीन सागरी मैल), म्हणजे वारीत आपण चालतो साधारण त्या चालीनं गेली, तर एका चार्जिंगवर पाण्याखालून ४०० सागरी मैल जाते. पाच-साडेपाच दिवस. पण तीच बोट पूर्ण जोरानं पळवली, तर बॅटरी फार तर तासा-दोन तासांत बसते. म्हणून कप्तानाच्या डोक्यात शत्रूच्या आधी एकच प्रश्न असतो: बॅटरी किती राहिली?

(दृश्य: नाथसागर. पाण्यावर एक पाणबुडी पक्षी. बुडी मारतो, दिसेनासा होतो, भलतीकडंच वर येतो.)

पैठणला जायकवाडीच्या पाण्यावर हा छोटा पक्षी बघितलाय ना? यालाही पाणबुडीच म्हणतात. कितीही सराईत असला तरी श्वासाला वर यावंच लागतं. आणि घारीची झडप पडते ती तेव्हाच.

बोटीचंही तसंच. ती पूर्ण वर येत नाही, फक्त एक नळी पाण्याबाहेर काढते. तिला स्नॉर्कल म्हणतात. त्यातून हवा आत घ्यायची, डिझेल इंजिनं लावायची आणि बॅटरी भरून घ्यायची. लाट नळीवरून गेली की तोंडावरची झडप आपोआप मिटते, पण इंजिन थांबत नाही. ते बोटीतलीच हवा ओढायला लागतं. तात्या सांगतात, त्या क्षणी सगळ्यांचे कान एकदम गच्च होतात. झडप उघडली की मोकळे. खवळलेल्या समुद्रात हे तासन्‌तास चालतं.

या वेळात बोट सगळ्यात उघडी असते. इंजिनांचा आवाज दूरवर जातो, नळी रडारवर दिसू शकते. दिवसातला किती वेळ बोटीला अशी मान वर काढावी लागते, त्यावर तिची किंमत ठरते. बॅटरी जुनी असली की चार्ज कमी धरते. चार्ज कमी धरला की पुन्हा पुन्हा वर यावं लागतं. नवी असताना जिचा माग लागत नव्हता, तीच बोट केवळ सेल म्हातारे झाल्यामुळं सापडायला लागते. हे मला तात्यांकडून कळलं, आणि तेव्हापासून पाणबुड्यांच्या नुसत्या संख्येची बातमी वाचून माझं समाधान होत नाही.

त्यात आपला समुद्र कोमट. रशियन बोटींची मूळ आखणी थंड पाण्यासाठीची. शिशाच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, तिचं आयुष्य घटतं. लातूरच्या मे महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी का बसते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अरबी समुद्रातल्या बोटीचं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

(दृश्य: तात्यांचा हात. बुचाजवळ बारीक बुडबुडे.)

आता ती जाळीची खिडकी. चार्जिंग होत आलं की सेलमधून हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला तर एक ठिणगी पुरते. घरी खिडकी उघडता येते, बोटीत खिडकी नाही. तिथं पंखे, हायड्रोजन मोजणारी यंत्रं आणि डोळ्यात तेल घालून बसलेला वॉचवरचा माणूस. याच्या जोडीला दुसरी भीती खाऱ्या पाण्याची. समुद्राचं पाणी सेलपर्यंत पोचलं तर शॉर्ट सर्किट होतं आणि क्लोरिन वायू तयार होतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्जेंटिनाच्या ‘सान हुआन’ या बोटीत स्नॉर्कलच्या वाटेनं पाणी शिरलं आणि बॅटरीत शॉर्ट सर्किट झालं. तसा निरोप बोटीनं धाडला होता. त्यानंतर ती पुन्हा बोलली नाही. ४४ माणसं होती. वर्षभरानं ती सापडली, ९०० मीटरहून जास्त खोल.

आपल्याकडं फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला ‘सिंधुरक्षक’च्या बॅटरी कप्प्यात स्फोट झाला, एक नौसैनिक गेला. बोट दुरुस्तीला रशियाला गेली, परत आली, आणि १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटेआधी मुंबईच्या गोदीत पुन्हा स्फोट झाले. आत असलेले अठराच्या अठरा जण गेले. त्यानंतर सहाच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ ला, मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ रिफिटनंतरच्या, म्हणजे गोदीतल्या मोठ्या दुरुस्तीनंतरच्या, चाचण्या देत होती. एका कप्प्यात धूर भरला. दोन तरुण अधिकारी त्यात गेले, बाकी बोट वाचली. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला.

तात्या तेव्हा निवृत्त होते. त्या दिवशी त्यांनी टीव्ही बंद केला आणि रानात निघून गेले. रात्री जेवायला आले, तेवढंच.

(दृश्य: काळा पडदा, थोडा वेळ. मग विशाखापट्टणमचा किनारा, वाळूवर उभी असलेली जुनी पाणबुडी ‘कुरसुरा’, आता संग्रहालय.)

या अपघातांची कारणं वेगवेगळी होती, ती एका दोरीत ओवणं बरोबर नाही. पण बोटींची तब्येत पाण्यात बिघडते त्याआधी किनाऱ्यावर बिघडलेली असते, असं माझं मत झालंय. ‘सिंधुकीर्ती’ २००६ मध्ये विशाखापट्टणमला रिफिटसाठी गेली ती २०१५ मध्ये बाहेर आली. नऊ वर्षं! पहिलीतलं पोर दहावीला जातं तेवढ्या काळात. आणि एक बोट अडकली की तिच्या वाटणीची गस्त उरलेल्या बोटींवर पडते, त्यांचाही रिफिट पुढं ढकलला जातो. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २००८ च्या अहवालानं लिहून ठेवलं की पाणबुड्यांची उपलब्धता ४८ टक्क्यांपर्यंत खाली आली होती. घरात दोन बैल, पण पेरणीला एकच उभा.

नव्या बोटींनाही उशीर सुटला नाही. सहा स्कॉर्पीन बोटींचा, म्हणजे त्याच कलवरी वर्गाचा, करार २००५ चा. पहिली ‘कलवरी’ २०१२ ला यायची होती, ती डिसेंबर २०१७ मध्ये आली. सहावी ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. बोटी उत्तम, आवाजाला अगदी मंद. पण त्यांच्यासाठी ठरलेल्या जड टॉर्पेडोंची (पाण्यातून शत्रूच्या जहाजावर सोडायच्या अस्त्रांची) खरेदी मध्येच रद्द झाली आणि जुन्या टॉर्पेडोंवर भागवावं लागलं.

पुन्हा पुन्हा वर यायची गरज कमी करणारं यंत्रही आपल्याच राज्यात तयार झालंय. अंबरनाथच्या डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेनं फ्युएल सेलवर (इंधनापासून थेट वीज करणाऱ्या सेलवर) चालणारी व्यवस्था जमिनीवर चालवून दाखवली, २०२१ मध्ये. बाहेरची हवा न घेता ती वीज देते. ती बोटीत बसवायला बोट मधोमध कापून नवा तुकडा जोडावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये त्यासाठीचा करार झाला. तात्यांना मी ही बातमी वाचून दाखवली. खूश झाले. मग लगेच विचारलं, “बोट गोदीत कधी लागणार, आन्‌ भाईर कधी निघणार, ते लिहिलंय का त्यात?”

(दृश्य: संध्याकाळ. लाईट गेलीय. व्हरांड्यात तात्या आणि शेजारचा बारावी झालेला मुलगा. तो नौदलाच्या भरतीची तयारी करतोय.)

हा रोज गणितं घेऊन येतो. आज तात्यांनी त्याच्या हातात हायड्रोमीटर दिलाय, सेलमधल्या आम्लाची घनता मोजायची नळी. सेल एका ओळीत जोडलेले असतात, एक कमजोर झाला तर सगळ्यांना ओढतो. बोटीवर तसा सेल सापडला की त्याला वगळून पुढचा जोड देतात. म्हणून प्रत्येक सेलचं रीडिंग घ्यायचं, लिहायचं. एकही सोडायचा नाही.

“किती?”

“बाराशे चाळीस, आजोबा.”

“लिही. पुढचा.”

“बाराशे चाळीस... बाराशे तीस... बाराशे चाळीस.”

पाचव्या सेलला मुलगा थांबतो. नळी मोबाईलच्या उजेडात धरतो, डोळ्यांच्या रेषेत आणतो.

“अकराशे साठ.”

“गडबडीनं लिहू नगंस. पुन्यांदा घे.”