रातची लाइन

[माहितीपटाचं निवेदन. टेबलावरचं शेत. बाहुला फावडं उचलतो.]

हे शेत चार फूट लांब, अडीच फूट रुंद. माती मात्र खरी आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातली, काळी, कापसाची. त्यात उभा असलेला शेतकरी वीतभर उंचीचा. आत ॲल्युमिनियमची तार, तारेवर घरचा कापूस, कापसावर जुन्या धोतराचं कापड. आधी नुसता कापूस ठेवून पाहिला होता, पण बोट लागलं की तंतू हलतात आणि पडद्यावर माणसाचं सगळं अंग सळसळतं. म्हणून कापड.

फावडं जमिनीवरून खांद्यावर गेलं. पडद्यावर एक सेकंद. टेबलावर 12 फोटो, आणि प्रत्येक फोटोआधी मनगट, कोपर, मान, फावड्याचा दांडा, सगळं थोडंथोडं सरकवायचं. मिनिटाला 720. फिल्म चार मिनिटांची ठरली आहे. गुणाकार तुम्हीच करा, फिल्म बनवणारा तो करत बसत नाही.

[दुकान. दिवस. दाराशी मोटारी.]

हा माणूस दिवसा मोटारी बांधतो. म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग. काळी पडलेली तार कापून काढायची, कोणत्या गेजची म्हणजे जाडीची आणि किती टर्नची म्हणजे वेढ्यांची होती ते वहीत लिहायचं, लाकडी साच्यावर नवी कॉइल गुंडाळायची, ती एकेका खाचेत उतरवायची, बांबूच्या कामटीने दाबायची, वॉर्निश पाजून वाळवायची. गावात त्याला सगळे मोटरवाला म्हणतात. आपणही तेच म्हणू.

मोटारी जळण्याचा हंगाम रब्बीचा. विजेच्या तीन फेजपैकी एक फेज गेली आणि मोटर चालूच राहिली, की सगळा भार उरलेल्यांवर येतो. मोटर गुरगुरते, तापते, जळते. दिवस असला तर कुणीतरी धावत जाऊन बटण दाबतं. रात्री शेतकरी दांडावर, म्हणजे पाण्याच्या पाटावर असतो आणि मोटर विहिरीवर.

[बाईट, मोटरवाला: "टर्न चुकला तं मोटर तापते जी. फोटो चुकला तं माणूस टुणकन उडते."]

[रात्र. शेताकडे जाणारी पांदण. हातातल्या बॅटरीचा झोत.]

शेतीच्या वाहिनीवर तीन फेजची लाइन, म्हणजे वीज, आळीपाळीने येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर लाइन येईल तेव्हा उठायचं. थंडी असते, रानडुकरं असतात, रोही म्हणजे नीलगाई असतात. मोटरवाल्याचे वडील वर्षानुवर्षं असेच उठले. एका रात्री घोणस चावली. पाय वाचला, चालण्यात लंगड राहिली, रात्रीचं ओलित सुटलं.

फिल्म त्या चालण्याची आहे. घरातून निघायचं, पांदणीने शेतात जायचं, दांड फोडायचा, पाणी वळवायचं, लाइन जाईपर्यंत थांबायचं. बस, एवढीच गोष्ट. संवाद नाहीत. साप नाही.

[अंगण. वडील फावडं घेऊन उभे. मुलगा मोबाइलवर शूट करतोय.]

हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवलं आहे. ॲनिमेशन करणारे आधी खऱ्या माणसाची हालचाल टिपून घेतात आणि ती थांबवून थांबवून पाहतात. इथे खरा माणूस घरातच आहे. दांड फोडताना वजन कोणत्या पायावर जातं, फावडं वळवताना तळहात दांड्यावर कसा घसरतो, मातीचा गड्डा टाकल्यावर त्यावर पाय का देतात, हे वडील कोरड्या अंगणात करून दाखवतात. दोनदा सांगून झालं की चिडतातही.

हात वडिलांचे मिळाले. चाल मिळेना. मुलाला हवी होती ती घोणस चावण्याच्या आधीची, आणि ती कुठल्याच व्हिडिओत नाही. लग्नाच्या सीडीत वडील खुर्चीवर बसलेले आहेत. शेवटी काकाजींना बोलावलं. दोघा भावांची चाल एकच, असं घरातले सगळे म्हणतात.

[काकाजी धोतर खोचून ओल्या वावरातून चालतात. वडील बांधावर बसून पाहतात.]

[इथे निवेदन नको. 8 सेकंद.]

कोरड्या रस्त्यावर माणूस साधारण अर्ध्या सेकंदात एक पाऊल टाकतो. म्हणजे 6 फोटो. ओल्या काळ्या मातीत तोच माणूस 10 ते 12 फोटो खातो, कारण पाय उचलताना माती सोडत नाही. आधी टाच सुटते, मग चवडा, आणि सुटल्याबरोबर पाय किंचित पुढे झेपावतो. ती झेप एका फोटोची. ती नसेल तर बाहुला बर्फावरून चालल्यासारखा दिसतो. वजन चित्रात असं येतं: किती फोटो थांबलात आणि कधी सोडलंत, यातून.

बाहुला पडू नये म्हणून त्याच्या पावलात पितळी नट घट्ट बसवलेला आहे. मोटारीच्या टर्मिनलवर असतो तोच. टेबलाच्या फळीला भोकं, खालून बोल्ट. दर पावलाला एक बोल्ट काढायचा आणि दुसरा लावायचा.

[क्लोजअप: बाहुल्याच्या हातातली बॅटरी पेटते.]

ही बॅटरी खरोखर पेटते. आत चिमुकला एलईडी आहे. पंख्याच्या वाइंडिंगची 36 गेजची तार, जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी, बाहीतून पोटात, पोटातून टाचेत आणि टाचेतून टेबलाखाली गेली आहे. टोकावरचं इनॅमल ब्लेडने खरवडलेलं. शोधूनही दिसत नाही. ॲनिमेशन शिकायचं तर पुण्या-मुंबईला जावं लागतं, असं सांगणाऱ्यांनी हा शॉट परत पाहावा.

मोबाइल साधा आहे. तो लोखंडी व्हाइसमध्ये, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून, आवळलेला. फोकस, एक्स्पोजर आणि रंग एकदा ठरवून लॉक केलेले, नाहीतर फोन प्रत्येक फोटोला आपलं शहाणपण चालवतो. फोटो इअरफोनच्या बटणावर निघतो, कारण स्क्रीनला बोट लावलं की फ्रेम हललीच. ॲपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यावरून हात किती सरकला ते कळतं. सरकवायला बोटं जाड पडतात. तिथे तीच बांबूची कामटी.

[पहिल्या चाचणीचं चित्र. उजेड लपलपतो.]

हे सुरुवातीचं. गावात कुणाचा तरी पंप सुरू झाला की घरचा बल्ब किंचित मंद होतो. डोळ्याला जाणवत नाही, पण ओळीतले दोन-तीन फोटो अंधारे निघाले की पडदा लपलपतो. यावर उपाय कपाशीच्या शेतातला आहे. पाठीवरच्या फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी काढली, तिच्यावर एलईडीची पट्टी लावली, पट्टीवर निळी पन्नी. चांदणं तयार. बॅटरी उतरत जाते तसा उजेडही उतरतो, म्हणून एक शॉट एका चार्जिंगमध्येच संपवायचा.

दादासाहेब फाळक्यांनी 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ अशीच थांबत थांबत टिपली होती. ते चित्र पाहून पुढच्या सिनेमाला पैसे मिळाले. नंतर त्यांनी काड्यापेटीतल्या काड्याही नाचवल्या. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात घरातल्या वस्तूंपासून आहे, हे आम्ही संधी मिळेल तिथे सांगतो.

[सेटवरची माती. भेगा.]

काळी माती वाळली की आक्रसते आणि फाटते. टेबलावरही फाटली. शॉट अर्ध्यावर असताना बाहुल्याच्या पायाजवळ भेग. मोटरवाला लाकडाचा भुसा कालवून भेगा बुजवत होता, तेवढ्यात वडील आले.

[बाईट, वडील: "पाणी सरळ येत नाई. आंधी भेगीत उतरते, तिचं पोट भरलं का मंग पुढं सरकते."]

भेगा राहिल्या. आता पाणी पाहा. खताच्या पोत्यातली पातळ पन्नी चुरगाळून सरीत घातली आहे. ती दर फोटोला कणभर ओढायची, म्हणजे बॅटरीच्या झोतात चमक सरकते. पुढची ओल ब्रशने लावलेल्या ग्लिसरीनची, कारण पाणी लावलं तर दुसरा शॉट लावेपर्यंत वाळतं. आणि भेग आली की पन्नी थांबते. ग्लिसरीन तेवढं खाली उतरतं. थांबणं जवळजवळ दोन सेकंदांचं आहे. घाई असलेल्या माणसाने ते कापलं असतं.

धोतर, बंडी, कानाला बांधलेला रुमाल हे सगळं वहिनींनी शिवलं आहे. त्यांचं शिलाई मशीन दुकानाच्या मागच्या खोलीत असतं, आणि सेटही तिथेच. रात्री नऊनंतर खोली फिल्मची. गिऱ्हाइकांचे ब्लाउज कधीकधी उशिरा जातात, मोटारीही.

फोटो जोडायला जुना लॅपटॉप आणि ब्लेंडर. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. 2025 साली ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट यातच बनला आहे. आवाज मात्र सगळे इथले. राताकिडे पांदणीतले, मोटारीची घरघर दुकानातल्या पाच एचपीच्या मोटारीची.

तयार झालेला भाग वडिलांनी पाहिला तेव्हा आमचा कॅमेरा तिथे नव्हता. फावड्याचा दांडा आखूड आहे, असं ते म्हणाल्याचं कळलं. दांडा बदलला आहे, तो तुम्ही सुरुवातीला पाहिला.

[दुकानाबाहेर मोटारींची रांग. सकाळ.]

उरला आहे शेवटचा प्रसंग. पहाटे लाइन जाते, मोटर थांबते, माणूस घराकडे वळतो. सध्या गव्हाच्या पाण्याचे दिवस आहेत आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून हे काम उन्हाळ्यावर गेलं. उन्हाळ्यात टिनाखाली ग्लूगनचा गोंदही मऊ पडतो, तेव्हा शूटिंग मध्यरात्रीनंतर. पहाटेच्या उजेडाला दुसरी बॅटरी लागेल. शेजाऱ्याच्या पंपाची मागून ठेवली आहे. कपाशीवर पहिली फवारणी सुरू व्हायच्या आत ती परत द्यायची आहे.