पिल्सनर चाखण्याआधी गारठा उतरू द्या

मंडळी, समोरच्या ग्लासांना एवढ्यात हात लावू नका. त्यांत पिल्सनर आहे, म्हणजे फिकट, कडवट लागर (गारव्यात आंबवून मुरवलेली बिअर). फ्रिजमधून आत्ताच काढलेली बिअर ३-४ अंशांवर असते. एवढ्या गारठ्यात जीभ बधिर होते आणि वासही वर येत नाही. उन्हातून आल्यावर ती छान लागते, पण तिच्याबद्दल मत द्यायचं असेल तर ती ६ ते ८ अंशांवर आली पाहिजे. दोष गारठ्यात लपतात. आजच्या बोलण्यातलं एवढं एकच जरी लक्षात राहिलं तरी चालेल.

तोवर ग्लास तपासून घेऊ. रिकामा ग्लास पाण्याने ओला करा आणि आतून बारीक मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे ते धरत नाही, तिथे तेलाचा नाहीतर साबणाचा थर आहे. असल्या ग्लासात फेस टिकत नाही, काचेला आतून बुडबुडे चिकटून बसतात आणि दोष मात्र बिअरला लागतो. धुतलेला ग्लास फडक्याने पुसू नका, उपडा घालून निथळू द्या. खायला आज बिनमिठाचे चिरमुरे आणि पाणी एवढंच ठेवलंय. चिवडा, ठेचा नंतर. तिखटाने तोंड पेटलं की कडवटपणाचा अंदाज चुकतो.

ग्लास तिरका धरून अर्धा भरा, मग सरळ करून मधोमध ओता. दोन बोटं फेस यायला हवा, आणि तो लगेच बसायला नको. आता लगेच वास घ्या, लांब श्वास नको, दोन-तीन छोटे हुंगे. काही वास पहिल्या मिनिटातच उडून जातात, म्हणून आधी नाक, मग डोळे, मग जीभ. घोट गिळायचा, वाईनसारखा थुंकायचा नाही, कारण कडवटपणा कसा उतरतो ते गिळल्यावरच कळतं. एका नमुन्याला ५०-६० मिलिलिटर पुरे.

आता पिल्सनरमध्ये दोष एवढे उघडे का पडतात ते सांगतो. १८४२ साली बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) पिल्झेन गावात योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), झाटेत्स भागातले साझ हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं), तळाशी बसणारं यीस्ट आणि तिथलं अगदी मऊ पाणी वापरून ही बिअर बनवली. भाजक्या माल्टचा करपट वास नाही, हॉप्सचा फळांसारखा भडिमार नाही. स्टाउटसारख्या काळ्या, भाजक्या माल्टच्या बिअरमध्ये जे झाकून जातं, ते इथे समोर येतं.

मत देण्याआधी नमुना चेक धाटणीचा की जर्मन, ते विचारून घ्या. चेक पिल्सनर भरीव असते, पावासारखा वास, कडवटपणा साधारण ३० ते ४५ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). जर्मन पिल्स कोरडी, हलकी, २२ ते ४० आयबीयूची, आणि तिचा कडवटपणा जास्त लख्ख जाणवतो. लोण्याचा पुसटसा वास चेक बिअरमध्ये चालतो, जर्मनमध्ये तो दोषच.

हा लोण्याचा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल. छोट्या ब्रूअरींच्या क्राफ्ट पिल्सनरमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, म्हणून इथे थोडा थांबतो. आंबताना यीस्ट एक कच्चा पदार्थ बाहेर सोडतं, त्याचं हळूहळू डायअ‍ॅसिटिल होतं आणि मग यीस्टच ते परत शोषून घेतं. त्याला वेळ लागतो. आंबणं १० अंशांच्या आसपास चालतं. ते संपत आलं की टाकी १५-१६ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायची, आणि मग शून्याजवळ काही आठवडे मुरवायची. छोट्या ब्रूअरीत टाक्या मोजक्या. एल, म्हणजे जरा उबेत लवकर आंबणारी बिअर, दोन-तीन आठवड्यांत विकायला निघते, पिल्सनर त्याच्या दुप्पट काळ टाकी अडवून बसते. मग घाई होते आणि बिअर लवकर गार केली जाते. त्या दिवशी ती छान लागते, पण कच्चा पदार्थ आतच राहतो आणि लोणी नंतर ग्राहकाच्या ग्लासात उतरतं.

हे आधी ओळखता येतं. टाकीतून दोन नमुने घ्या. एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, दुसरा गारच ठेवा. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून हुंगा. गरम केलेल्यात लोणी आणि गारमध्ये नाही, तर टाकीला अजून दिवस द्या. दोन्हींत नाही, तर बिनघोर गार करा. दोन्हींत आहे आणि शिवाय आंबटपणाही आहे, तर जंतुसंसर्ग झालाय का, किंवा नळाची पाइप शेवटची कधी धुतली, ते बघा.

बाकीचे दोष भराभर घेऊ. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर उकळी मंद होती, किंवा भांड्यावर झाकण होतं, किंवा नंतर काढा (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) सावकाश थंड केला. फिकट माल्टला ९० मिनिटं उघडी, खळखळून उकळी लागते. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर अजून कच्ची. जीभ ओढल्यासारखी तुरट झाली तर माल्ट धुण्याचं पाणी बहुधा ७८ अंशांच्या वर गेलं आणि धान्याच्या फोलाचा (टरफलाचा) तुरटपणा उतरला. आगकाडीसारखा गंधकाचा पुसट वास मात्र लागरमध्ये येतो, दोन मिनिटांत उडाला तर त्याचे गुण कापू नका.

आपल्याकडे पाण्याचं वेगळं लक्षात ठेवावं लागतं. बेळगावच्या नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं. ते कार्बन फिल्टरमधून काढलं नाही तर बिअरला दवाखान्याचा वास येतो, आणि तो कितीही मुरवली तरी जात नाही. बोअरचं पाणी जड असेल तर कडवटपणा खरखरीत होतो आणि घशात रेंगाळतो. आरओचं पाणी मिसळून ते मऊ करता येतं.

बाटली विकत घेताना तपकिरी काचेची घ्या. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत गेला की हॉप्सचा कडू अंश बिघडून उग्र, कुबट वास सुटतो, उन्हात तर काही मिनिटांतच. मे महिन्यात दुकानाच्या दर्शनी भागात मांडलेली बाटली नको, आतल्या फ्रिजमधली मागा आणि भरल्याची तारीख वाचा. तीन महिने उलटून गेले असतील आणि ती बाहेर उष्म्यात राहिली असेल, तर ओल्या पुठ्ठ्याचा वास शोधा. तो ७ अंशांवर सापडला नाही, तर ग्लास तळव्यात धरून १२ पर्यंत येऊ द्या आणि पुन्हा हुंगा.