सहा वचनं, वीस मिनिटं

प्रार्थनेला बसलं की मन भरकटतं, ही तक्रार सगळ्याच पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक समाजात, ऐकू येते. दोष मनाचा नसतो. त्याला धरायला आपण काही दिलेलंच नसतं. मठांमध्ये त्यासाठी शास्त्रवचन हाती घेतलं जाई. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासींसाठी लिहिलेल्या आपल्या नियमावलीच्या ४८व्या प्रकरणात अंगमेहनतीच्या जोडीला वाचनाचे तास नेमून दिले. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या ग्विगो या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या संन्याशांच्या संघातल्या) मठाधिपतीने अशा वचन घेऊन केलेल्या प्रार्थनेच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापुढे असणं. तो म्हणतो, वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं. आपण बहुतेक जण न चावताच गिळतो.

आज बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र २३ घेऊ. सहाच वचनं, वीस मिनिटं पुरतात. बायबल छापील घ्या; मोबाइलवर वाचाल तर वचनाच्या डोक्यावर व्हॉट्सअ‍ॅप येऊन बसेल. पहिल्यांदा स्वतःच्या कानाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने वाचा. पाठ असलेलं स्तोत्र जीभ आपोआप म्हणते आणि मन बाजारात फिरून येतं, म्हणून प्रत्येक वचनानंतर एक श्वास थांबा. दुसऱ्या वाचनात जिथे मन अडेल, तिथेच राहा. ‘मला काही उणे पडणार नाही’ एवढंच पाच-सात मिनिटं पुटपुटा. कुठेच अडलं नाही, तर पहिलं वचन घ्या. शोधत बसू नका.

इथे दोन खड्डे आहेत. तळटीपा उघडल्या की अभ्यास सुरू होतो. तो हवाच, पण वेगळ्या वेळी. दुसरा खड्डा म्हणजे ‘हे वचन आमच्या जाऊबाईंना अगदी लागू पडतं’. प्रवचन करणारे यात हमखास पडतात.

प्रार्थनेकडे कधी वळायचं, हे स्तोत्रच दाखवतं. पहिल्या तीन वचनांत देवाविषयी बोलणं आहे: तो नेतो, तो चालवतो. चौथ्यात मृत्युच्छायेची दरी येते आणि एकदम ‘तू माझ्याबरोबर आहेस’. तुम्हीही तसंच वळा. ‘उणे पडणार नाही’ हे घशाखाली उतरत नसेल तर तसं सांगा: प्रभू, मुलाच्या फीचे पैसे जमले नाहीत, उणं पडतंय. गाऱ्हाणं हीसुद्धा प्रार्थनाच. स्तोत्रसंहितेत अशी स्तोत्रं कितीतरी आहेत.

शेवटची तीन-चार मिनिटं शब्द सोडा. विचार आले तर त्यांच्याशी झटापट नको, वचन एकदा म्हणून पुन्हा गप्प बसा. झोप येत असेल तर जेवणानंतरची वेळ बदला. आज शांत वाटलं नाही म्हणून उद्या दुसरं स्तोत्र उघडू नका. आठवडाभर हेच राहू द्या. पुढे १३१वं घ्या, तीनच वचनं आहेत. मग मार्कच्या शुभवर्तमानातलं ४:३५-४१, जिथे वादळातही येशू नावेत उशीवर डोकं ठेवून झोपला आहे. मत्तयचं शुभवर्तमान मात्र पहिल्या पानापासून सुरू करू नका. तिथे वंशावळ आहे. नवखा माणूस तिथेच बायबल मिटून ठेवतो.