गज, जाळी आणि खिडकीखालचा दिवाण

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या घराची खिडकी आठवा. जाड लाकडी चौकट, तिच्यात उभे लोखंडी गज आणि दोन गजांमधून जेमतेम हात जाईल एवढी जागा. ते गज चोरासाठी बसवलेले होते हे खरे, परंतु घरातले रांगते मूलही त्यांनीच सांभाळले. पुढे राजारामपुरीत आणि ताराबाई पार्कात इमारती उभ्या राहिल्या, खिडकी रुंद आणि सरकती झाली, आणि एवढ्या वर चोर कुठून येणार, असे म्हणून पुष्कळांनी गज बसवलेच नाहीत. आतले मूल बाहेर पडू शकते, याचा हिशेब त्यात कुठेच नव्हता.

नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा असते, मोठ्या माणसाचे सुमारे आठवा. दोन-तीन वर्षांच्या मुलाचाही भार वरच्या अंगाला अधिक असतो, त्यामुळे ते खिडकीबाहेर वाकले की तोल पुढे जातो आणि त्याला स्वतःला सावरून मागे येता येत नाही. डासांच्या जाळीवर कृपा करून विसंबू नका. ती डास अडवण्यासाठी केलेली असते आणि मूल अंग टाकून टेकले तर चौकटीसकट निसटते.

आता आपल्या दिवाणाकडे येतो, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. खोली लहान, वारा हवा, म्हणून दिवाण खिडकीखालीच लागतो. खिडकीची कड जमिनीपासून ३ फुटांवर असली, तरी दीड फुटाचा दिवाण आणि त्यावर अर्ध्या फुटाची गादी धरल्यास मुलाच्या पायापासून ती कड फूटभरच उरते. बिल्डरने दिलेली उंची आपण घरात सामान लावतानाच घालवून बसतो. दिवाण समोरच्या भिंतीला सरकवायला पैसा लागत नाही, तरी सर्वांत जास्त कुरकुर त्यालाच होते.

न्यूयॉर्क शहराने १९७६ मध्ये, १० वर्षांचे किंवा त्याहून लहान मूल राहत असलेल्या घराच्या खिडक्यांना गज बसवणे इमारतीच्या मालकावर बंधनकारक केले. तिथे साडेचार इंचांहून मोठी फट चालत नाही. उद्यमनगरात ग्रिल करायला टाकाल तेव्हा ४ इंचांच्या आतले माप कागदावर लिहून द्या आणि पट्ट्या उभ्याच मागा, कारण आडव्या पट्ट्या म्हणजे मुलाला आयती शिडी. बाहेर काढलेल्या पेटीसारख्या ग्रिलमध्ये कुंड्या ठेवतात, विसर्जनाची मिरवणूक दिसावी म्हणून मुलांनाही बसवतात. आपल्याकडच्या पावसात त्याचे वेल्डिंग आतून गंजते आणि वरचा रंग ते दिसू देत नाही. दर वर्षी पावसाळा संपल्यावर प्रत्येक जोड हाताने हलवून पाहावा. पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या मुलाच्या गळ्याभोवती अडकतात, त्या वर गुंडाळून बांधाव्यात.

मात्र सगळेच ग्रिल पक्के वेल्ड करू नये, कारण आग लागली तर तीच खिडकी बाहेर पडण्याची वाट असते. एका खिडकीच्या ग्रिलला कुलूप लावता येणारी झडप ठेवावी, किल्ली मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, पण त्याच खोलीत खिळ्याला असावी, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने ते कुलूप एकदा दिवे बंद करून उघडून पाहिलेले असावे.